दर्याची मर्यादा



आमच्या प्रौढांच्या वर्गात एकदा आम्ही फळ्यावर एक शब्द लिहिला. शब्द होता 'बंधारा'. मासे विकून आलेल्या एका बाईंनी तो अक्षर अक्षर लावून वाचला. मग पाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "गुरुजी, आपल्या पुळणीवर असा दगडांचा बंधारा घातला, तर दर्या गावात यायचा थांबेल का हो?"

वर्गात एकच गलका झाला. कोणी म्हणाले, "थांबेल की! दगडापुढे पाण्याचं काय चालतं?" मागे बसलेले एक म्हातारे तांडेल नुसते हसले. ते म्हणाले, "दर्यानं असे कितीतरी दगड गिळलेत, बाई."

त्या दिवशी आम्ही घाईने उत्तर दिले नाही. प्रश्न मोठा होता. गावाची घरे, होड्या, वाड्या, माणसे सगळी त्या प्रश्नात होती. म्हणून त्याचे उत्तर आम्ही सावकाश येथे लिहिले आहे.

आपल्या बुरोंडीच्या डोंगरावर परशुरामाची मूर्ती आहे. पृथ्वीच्या अर्ध्या गोलावर परशुराम उभा आहे. त्याची कथा लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. त्याने बाण मारला, समुद्र मागे हटला आणि कोकणची जमीन मोकळी झाली. कथा ऐकून बरे वाटते. पण आपल्या हातात तसला बाण नाही. आपल्या हातात कुदळ आहे, फावडे आहे, झाडाचे रोप आहे आणि ग्रामसभेत वर करायचा हात आहे. एवढ्यावर आपल्याला गाव राखायचा आहे.

पाणी वर कसे चढते?

पहिली गोष्ट भरतीची. ती तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण येते. अष्टमीच्या आसपास भांग असते. भरती कधी पूर्ण होईल, याचा आपल्या वाडवडिलांचा हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चौथीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा भरती. थोडे मागेपुढे होते, पण हिशेब पक्का आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. वारा पाण्यावरून वाहतो आणि पाणी ढकलतो. जितका जोराचा वारा, आणि जितक्या लांबून तो पाण्यावरून येतो, तितकी लाट मोठी.

तिसरी गोष्ट वादळाची. चक्रीवादळात वारा गोल फिरतो. आपल्याकडे तो घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतो. वादळ उत्तरेला असले, की त्याच्या दक्षिणेच्या अंगाला वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. तो दर्याचे पाणीच किनाऱ्यावर लोटतो. शिवाय वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो. दाब कमी झाला, की तिथले पाणी थोडे वर फुगते. अशा रीतीने पाण्याची पातळीच वर चढते, आणि त्या चढलेल्या पाण्यावर पुन्हा लाटा येतात.

आता या तिन्ही गोष्टी एकत्र करा. उधाण, भरतीची वेळ आणि वादळ. तिन्ही एकदम आली, तर मोठे संकट.

३ जून २०२० चा दिवस आठवा. 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ त्या दिवशी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वारा ताशी १०० किलोमीटरहून जास्त होता. आपला दापोली तालुका वादळाच्या दक्षिणेच्या अंगाला सापडला. आपल्या उत्तरेला हर्णै, आंजर्ले, केळशी. तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. घरांची कौले आणि पत्रे उडाले. विजेचे खांब पडले आणि कित्येक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. नारळाचे झाड लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. वाडवडिलांनी लावलेले झाड एका दुपारी गेले, ते नातवाला पुन्हा लावावे लागले.

पण त्या दिवशी एक गोष्ट आपल्या बाजूने झाली. ती फार थोड्यांच्या ध्यानात आली. वटपौर्णिमा ५ जूनला होती. म्हणजे दोन दिवस आधीचे, जवळजवळ उधाणाचेच पाणी होते. तिथीचा हिशेब करून बघा. त्या दिवशी तेरस लागली होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. सकाळी दहाच्या सुमारास भरती पूर्ण झाली आणि पाणी उतरू लागले. वादळ किनाऱ्यावर चढले ते दुपारी. तेव्हा ओहोटी चालू होती. तेच वादळ सकाळी दहाला आले असते, तर वाऱ्याबरोबर पाण्याचाही मार जास्त बसला असता. दर वेळी असे नशीब साथ देईलच, असे नाही.

वाळूचे खाते

आता पुळणीकडे बघू. पावसाळ्यात पुळण बारीक होते. मोठ्या लाटा वाळू ओढून नेतात. लोक म्हणतात, "दर्यानं वाळू खाल्ली." पण ती वाळू फार लांब जात नाही. किनाऱ्याजवळच पाण्याखाली तिचा उंचवटा होतो. त्या उंचवट्यावर पुढच्या मोठ्या लाटा फुटतात आणि त्यांचा जोर कमी होतो. पावसाळा सरला, दर्या शांत झाला, की लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. उन्हाळ्यापर्यंत पुळण पुन्हा भरते.

म्हणजे वाळू ही दर्याची आणि किनाऱ्याची उसनवारी आहे. पावसाळ्यात तो नेतो, नंतर आणून देतो. खाते चालू राहते. पण मध्येच तिसऱ्या कोणी खात्यातून उचल केली तर? मग जमा कमी पडते. दर वर्षी पुळण थोडी थोडी खाली बसते, आणि एक दिवस लाट घराच्या ओट्याला लागते.

येथे आम्हाला आमची स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. आम्ही घर बांधले तेव्हा वाळू पुळणीवरचीच आणली. जवळ होती, फुकट होती. शाळेत मुलांना भूगोल शिकवीत होतो, पण घरच्या कामात तो भूगोल आठवला नाही. त्याची शिक्षा आम्हाला दोन प्रकारे झाली. एक म्हणजे खारट वाळूमुळे भिंतींना लोणा लागला. गिलावा सुटतो, आतल्या लोखंडी सळया गंजतात. दुसरे म्हणजे जिथून आम्ही आणि आमच्यासारख्या दहा जणांनी वाळू उचलली, तिथला उंचवटा गेला. आता उधाणाचे पाणी पहिल्यांदा त्याच खळग्यातून आत शिरते. घर आमचे एकट्याचे, पण खड्डा साऱ्या गावाच्या वाट्याला आला.

मर्यादवेल

वाळू जागेवर कोण धरून ठेवते? पुळणीच्या वरच्या बाजूला एक हिरवी वेल पसरलेली असते. पाने जाड, मधोमध चिरलेली. फुले जांभळट गुलाबी. तिला मर्यादवेल म्हणतात. नाव कसे शहाणपणाचे आहे बघा! रोजच्या भरतीची मर्यादा संपते, त्याच्या वर ही वेल वाढते. जिथे वेल आहे, तिथे घर बांधू नये, हे आपल्या पूर्वजांनी एका नावात सांगून ठेवले.

ही वेल जमिनीला धरून पसरते. ठिकठिकाणी तिला मुळे फुटतात. वाऱ्याने उडणारी वाळू तिच्यात अडकते आणि तिथे उंचवटा तयार होतो. त्याच्या मागे केवडा वाढतो, उंडी वाढते. उंडीच्या बियांचे तेल पूर्वी दिव्याला आणि होडीच्या लाकडाला लावीत. पुढे वेल, मागे झुडपे, त्यामागे मोठी झाडे. असा हा तीन पायऱ्यांचा कोट आहे. वारा एकेका पायरीवर थकतो.

सुरूची झाडे आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी लावली आहेत. ती वारा अडवतात, हे खरे. पण निसर्ग वादळात सुरूचीही कित्येक झाडे मोडून पडली. म्हणून एकाच जातीच्या झाडांवर भिस्त ठेवू नये. आणि झाडे लावताना समोरची वेल उपटून पुळण 'साफ' करू नये. बैल, गाड्या, मोटारी वेलीवरून नेऊ नयेत.

भिंत केव्हा घालावी?

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. घरी एक प्रयोग करा. मोठ्या परातीत एका बाजूला ओली वाळू उताराने थापा. दुसऱ्या बाजूला पाणी ओता. फळीने पाणी हलवून लाटा करा. लाट वाळूच्या उतारावर धावत चढेल, दमेल आणि मागे येईल. आता उताराच्या मध्ये एक वीट उभी करा आणि पुन्हा लाटा करा. लाट विटेवर आपटेल, उसळेल आणि जोराने मागे फिरेल. थोड्या वेळाने विटेच्या पायाची वाळू निघून गेलेली दिसेल. विटेच्या दोन्ही टोकांनाही खळगा पडलेला दिसेल.

खऱ्या किनाऱ्यावरही असेच होते. उभ्या भिंतीमागची जागा वाचते, पण भिंतीपुढची पुळण जाते. होड्या ओढायला जागा उरत नाही. मासे वाळत घालायला जागा उरत नाही. कोळथऱ्यासारख्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालायला येतात, त्यांनाही जागा उरत नाही. आणि भिंत संपते तिथून शेजाऱ्याची जमीन जास्त झिजते. मग शेजारी म्हणतो, मलाही भिंत द्या.

मग काय, बंधारा कधीच बांधू नये? तसे नाही. रत्नागिरीजवळ मिऱ्या गाव आहे. तिथे समुद्र घरांच्या अगदी दारात आला. मागे सरायला जागा नाही. अशा ठिकाणी बंधारा लागतोच. पण तिथलाही बंधारा लाटांनी पुन्हा पुन्हा ढासळला आणि पुन्हा पुन्हा बांधावा लागला. पुढे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे आणले गेले. त्यांना टेट्रापॉड म्हणतात. १९५० साली फ्रान्समध्ये त्यांचा शोध लागला. मुंबईच्या मरीन ड्राइव्हला हेच ठोकळे दिसतात. ते एकमेकांत अडकतात. लाट त्यांच्या फटींत शिरते आणि तिथेच तिचा जोर मोडतो.

चांगला बंधारा उभा नसतो, उताराचा असतो. खाली लहान दगड, वर मोठे दगड. त्याचा पाया वाळूत खोल जातो. त्याची दर वर्षी देखभाल करावी लागते. पुण्याजवळ खडकवासल्याला सरकारचे जलसंशोधन केंद्र आहे. तिथे बंधाऱ्याची लहान प्रतिकृती करून तिच्यावर लाटा सोडून बघतात. म्हणून कोणी बंधाऱ्याची योजना गावात आणली, तर ग्रामसभेत नम्रपणे विचारा. परीक्षा झाली आहे का? टोकाला कोणाची जमीन आहे? होड्या कोठून काढायच्या? दुरुस्तीचा पैसा कोण देणार? हे चार प्रश्न विचारायला कोणी लाजू नये.

खाडीकाठी

खाडीच्या काठी गोष्ट निराळी आहे. तिथे वाळूऐवजी चिखल असतो आणि राखणदार म्हणजे कांदळ, तिवर, चिप्पी ही झाडे. त्यांची मुळे चिखल धरून ठेवतात. त्यांच्या दाटीत लाटेचा जोर मरतो. कोळंबी, खेकडे, लहान मासे यांची पिले तिथेच वाढतात. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात महाभयंकर चक्रीवादळ झाले. पुढे अभ्यासकांनी तिथल्या केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा हिशेब केला. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जिथे रुंद होता, तिथे माणसे कमी दगावली होती. आपल्या राज्यात २०१२ पासून कांदळवनांसाठी वनखात्याचा वेगळा कक्ष आहे. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. सरपणासाठी हे झाड तोडणे म्हणजे घराचा वासा काढून चूल पेटवणे होय.

खार जमिनीला मातीचा बांध असतो. बांधाला उघाडी असते. ओहोटीला तिच्या झडपा उघडतात आणि शेताचे पाणी बाहेर जाते. भरतीला पाण्याच्या रेट्यानेच झडपा मिटतात. असल्या बांधाला मोठे वादळ लागत नाही, खेकड्याचे एक बीळही पुरते. बीळ मोठे होते, खांड पडते आणि शेतात खारे पाणी शिरते. मग पुढची काही वर्षे भात नीट येत नाही. म्हणून पूर्वी गावकरी श्रमदानाने बांध राखीत. उधाणाआधी सगळे मिळून बांधावर फेरी घालीत आणि बिळे बुजवीत. ती रीत पुन्हा चालू करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

हॉलंडचे शहाणपण

युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. आपण त्याला हॉलंड म्हणतो. त्याची पुष्कळ जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. शेकडो वर्षे त्यांनी बांध घालून ती राखली. १९५३ साली १ फेब्रुवारीच्या पहाटे उधाण आणि वादळ एकाच वेळी आले. बांध फुटले आणि तिथे १,८३६ माणसे मेली. त्यानंतर त्यांनी प्रचंड बंधारे आणि दारे बांधली. ते काम १९९७ पर्यंत चालले. अशा भिंती बांधणाऱ्या लोकांनी २०११ साली काय केले? समुद्रातून दोन कोटी घनमीटरांहून जास्त वाळू काढली आणि किनाऱ्यालगत एका जागी ओतली. लाटा आणि वारा ती वाळू हळूहळू किनाऱ्यावर पसरवतात. भिंतीत निष्णात असलेली माणसेही वाळूचे मोल ओळखून आहेत. आपल्याला ती वाळू देवाने फुकट दिली आहे. ती आपण उचलून न्यायची नाही, एवढेच.

हे आता जास्त निकडीचे आहे. पृथ्वी तापते आहे. पाणी तापले की फुगते आणि बर्फ वितळून समुद्रात येते. गेल्या सव्वाशे वर्षांत जगाच्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर वाढली आहे, आणि अलीकडे ती जास्त वेगाने वाढते आहे. अरबी समुद्रही तापला आहे आणि त्यात चक्रीवादळे पूर्वीपेक्षा जास्त होऊ लागली आहेत. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान आठवा. त्या वादळात समुद्रात गेलेले आपल्या जिल्ह्यातील काही मच्छीमार परत आले नाहीत.

माणूस आधी

वाडी पुन्हा लावता येते. होडी पुन्हा बांधता येते. माणूस पुन्हा आणता येत नाही. ओडिशात १९९९ च्या वादळात सुमारे १०,००० माणसे गेली. त्याच ओडिशात १२ ऑक्टोबर २०१३ ला 'फायलिन' हे तसेच मोठे वादळ आले. या वेळी सुमारे १० लाख माणसे आधीच हलवली होती. मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत दर्या बदलला नव्हता. माणसे बदलली होती. इशारा वेळेवर दिला गेला, लोकांनी तो मानला आणि जायला पक्की जागा होती.

आपल्याकडे बंदरावर बावटा लागतो. तीन नंबरचा बावटा म्हणजे सावध, वाऱ्याचा धोका आहे. आठ, नऊ, दहा म्हणजे महासंकट. हवामान खाते रंगांनीही इशारा देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे ताबडतोब हालचाल करा. पूर्वी हे दुसऱ्याने वाचून सांगावे लागे. आता तुम्ही स्वतः वाचू शकता. अक्षर शिकल्याचा याहून मोठा उपयोग कोणता?

तेव्हा एवढे करू या.

पुळणीची वाळू घरकामाला आणू नये. कायद्यानेही त्यास मनाई आहे.

मर्यादवेल उपटू नये. मोकळी पुळण तिने पुन्हा भरू द्यावी.

नवे घर वेलीच्या मागे, उंचावर बांधावे. भरतीच्या रेषेजवळ काय बांधावे आणि काय नाही, याचे सरकारी नियम १९९१ पासून आहेत. ते ग्रामपंचायतीत विचारून घ्यावेत.

वादळाचा इशारा आला, की होड्या वेळेवर खाडीत आसऱ्याला न्याव्यात. म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि मुले आधी हलवावीत. शिधापत्रिका आणि जमिनीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तयार ठेवावेत.

शेवटी त्या बाईंना उत्तर. बंधारा घातला म्हणून दर्या यायचा थांबणार नाही, बाई. तुमचे तांडेल खरे बोलले. जिथे दुसरा इलाज नाही, तिथे बंधारा घालू. जिथे अजून वाळू आहे, वेल आहे, मोकळी जागा आहे, तिथे ती राखू. कारण ती एकदा गेली, की मग बंधाऱ्यावाचून गती नाही.

आमच्या वर्गाला आम्ही एक काम दिले आहे. तुम्हीही करा. पुळणीच्या वर एखादे जुने झाड धरा. तिथपासून उधाणाच्या भरतीच्या ओल्या रेषेपर्यंत पावले मोजा. एकदा नारळी पौर्णिमेला मोजा, एकदा शिमग्याला. पावले आणि तारीख वहीत लिहा. दर वर्षी तेच झाड, तेच दोन दिवस आणि शक्यतो तोच माणूस. पाच वर्षांनी तुमच्या हाती आकडे असतील. मग ग्रामसभेत कोणी "दर्या आला, दर्या आला" म्हणाले, तर तुम्ही वही उघडून दाखवाल, तो किती पावले आला आणि कोठून आला.

त्या बाईंनी पहिला आकडा लिहिला आहे. अक्षर थोडे वाकडे आहे, पण हिशेब बरोबर आहे.